सोलापूरहून निगोंबो, फक्त खाण्यासाठी

श्रीलंकेतलं निगोंबो हे कोळ्यांचं शहर वीकेंडला जमतं, कारण कोलंबोचा एअरपोर्ट तिथून जेमतेम १० किलोमीटर. ईटीए म्हणजे श्रीलंकेत जायची प्रवासपरवानगी आधी ऑनलाइन काढा, गुरुवारी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडा, शुक्रवारी मुंबईहून फ्लाइट, अडीच तासात तिकडे.

शनिवारी पहाटेच उठून मासळीबाजार गाठा, रविवारवर ढकलू नका कारण शहर बहुतांश कॅथलिक आहे आणि त्या दिवशी बाजार थंड असतो. शेजारी वाळूवर मासे वाळत घातलेले दिसतात, वास जबरदस्त येतो पण थांबून बघाच.

मग हॉपर, म्हणजे तांदळाचं पीठ नि नारळाच्या दुधाचा आंबवलेला, वाटीसारखा डोसा, कडा कुरकुरीत आणि मध्ये मऊ, अंडं फोडलेला घ्या आणि सोबत पोल सांबोल मागाच, ओलं खोबरं, लाल मिरची, कांदा, लिंबू, आपल्या शेंगाचटणीवर वाढलेल्या जिभेला ते लगेच पटतं. दुपारी भात आणि अंबुल थियल, गोरका हे आंबट फळ घातलेली, रस्सा नसलेली मासळी, चव कोकमाच्या जवळची. रात्री लगूनमधला, म्हणजे समुद्राला जोडलेल्या उथळ सरोवरातला खेकडा, भाव मात्र आधी विचारा. शाकाहारी असाल तर परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ सगळीकडे मिळते. कडक भाकरी बॅगेत राहू द्या, परतीच्या ट्रेनमध्ये लागेल.