बडोद्याहून ओंटारिओला निघालेल्यांसाठी

कॅनडाच का, असं विचारलं की पगार, मुलांचं शिक्षण, स्वच्छ हवा आणि ‘सगळे चाललेत’ ही कारणं एका दमात येतात. त्यातलं तुमचं खरं कारण कोणतं ते तिकीट काढण्याआधी ठरवा, कारण गाव त्यावरून ठरतं. माणसांची ऊब हवी असेल तर ओंटारिओ प्रांतातलं, टोरंटोजवळचं ब्रॅम्प्टन. तिथे बाजारात गुजराती चालते आणि घरात मराठी, बाहेर गुजराती ही बडोद्याची सवय तशीच कामी येते. पण धंद्यातलं नेमकं काम हवं असेल तर आधी ते काम कुठल्या शहरात आहे ते बघा, भाऊबंद नंतर.

सर्वांत मोठा गैरसमज गुणांचा. १९६७ पासून कॅनडा वय, शिक्षण, भाषा यांचे गुण मोजून माणसं घेतो. डिग्रीला गुण मिळाले म्हणजे त्या डिग्रीवर काम करता येईल असं मात्र नाही. उदाहरण बी.फार्मचं घ्या. औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, काम करायला परवाना लागत नाही. दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभं राहायचं तर कागदपत्रांची तपासणी, मूल्यमापन परीक्षा, मग दोन भागांची पात्रता परीक्षा, वर प्रांताच्या अटी. म्हणून औषध कंपनीतला अनुभव असलेल्यांनी आधी लॅबची नोकरी धरावी आणि परीक्षा संध्याकाळी द्याव्यात, असं आमचं मत. इंजिनिअरांना थोडं सोपं झालंय: ओंटारिओने २०२३ मध्ये परवान्यासाठीची कॅनेडियन अनुभवाची अट काढली. बहुसांस्कृतिक धोरण १९७१ पासून आहे, त्यामुळे साडी, टिकली, मंदिर यावर कुणी अडवत नाही. परवान्याची अट मात्र सगळ्यांना एकच.

कागद बडोद्यातच उरका, कॅनडात आल्यावर इथून मागवायचे तर कुरिअरवर महिने जातात. युनिव्हर्सिटीकडून ट्रान्सक्रिप्टचे (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) दोन जादा सीलबंद संच घ्या. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि बायकोच्या कागदांवर माहेरचं नाव, इथेच फायली अडकतात. लग्नाचा दाखला आणि नावाचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. गुजरातीतल्या दाखल्यांचं भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. दागिन्यांचे फोटो आणि किमतीसह यादी करा, ती पहिल्याच दिवशी विमानतळावर कस्टम्सला द्यायची. मागाहून येणाऱ्या सामानाचीही यादी तेव्हाच द्यायची. तेव्हा राहिलं तर नंतर त्यावर ड्यूटी लागू शकते. दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा जास्त रोकड असेल तर सांगावीच लागते.

सर्वांत जास्त लोक विसरतात ते आरटीओचं पत्र. लायसन्स किती वर्षांचं आहे याचं इंग्रजी पत्र नसेल तर ओंटारिओ फार तर एक वर्षाचा अनुभव धरतं. दोन वर्षांहून जास्त सिद्ध झाला तर लेखी परीक्षेनंतर थेट शेवटची, म्हणजे ‘जी’ या पूर्ण लायसन्सची रोड टेस्ट देता येते. बडोद्यात पंधरा वर्षं गाडी चालवणाराही इथे उजव्या बाजूच्या रस्त्यावर आणि ‘स्टॉप’च्या पाटीवर नापास होतो. चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, नुसती हळू झालेली चालत नाहीत.

पहिल्या आठवड्यात सिन नंबर (नोकरी आणि टॅक्ससाठी लागणारा सरकारी क्रमांक), बँक खातं, हेल्थ कार्ड (प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचं). सिन फुकट मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. घरमालकाला तो द्यायची सक्ती नाही. भाड्याचं डिपॉझिट एका महिन्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते शेवटच्या महिन्याच्या भाड्यात वळवायचं असतं. ‘तोडफोडीसाठी’ म्हणून वेगळी रक्कम मागणारा मालक ओंटारिओत कायद्याबाहेर आहे. घर न बघता पैसे पाठवणं म्हणजे ते गेलेच. हेल्थ कार्डात दात येत नाहीत, आणि बहुतेक प्रौढांना मेडिकलमधून घ्यावी लागणारी औषधंही नाहीत. दातांचं काम बडोद्यातच करून या. मुलं असतील तर बाल-भत्त्याचा फॉर्म लगेच भरा आणि उत्पन्न शून्य असलं तरी नवराबायको दोघांनी टॅक्स रिटर्न भरा, नाहीतर भत्ता थांबतो.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. वीज १२० व्होल्टची, म्हणून बडोद्याचा मिक्सर आणू नका. तोच मिक्सर ११० व्होल्टमध्ये इथे मिळतो. कुकर आणा, पण शेगडी इंडक्शन निघाली तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणार नाही, स्टीलचाच घ्या. तवा सपाट बुडाचा हवा. आणि मोहरी तडतडायच्या आधी चिमणीचा पंखा लावा, खिडकी उघडा. धुराचा अलार्म वाजला तर डिटेक्टरवर पिशवी बांधू नका, हवा खेळती केली की तो आपोआप थांबतो.