अल्जिनेटचे मणी: बोअरचं पाणी वापरू नका

औषध हळूहळू सोडणारा हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारी जेलीसारखी जाळी, समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटपासून गावच्या कॉलेजातही करता येतो. अडचण एकच, पाण्याची. विदर्भात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम अल्जिनेटला आधीच पकडतं आणि सगळं गुठळ्यांचं होतं. डिस्टिल्ड पाणीच घ्या.

१०० मिली पाण्यात २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट ढवळत ढवळत, चिमटीचिमटीने भुरभुरा. एकदम ओतलं तर बेसनासारख्या गाठी होतात, आत कोरडी पूड राहते. रात्रभर झाकून ठेवा. बुडबुडे राहिले की मणी तरंगतात. औषधाऐवजी थोडा खायचा रंग मिसळा.

दुसऱ्या भांड्यात २ टक्के कॅल्शियम क्लोराइड. त्यात सिरिंजने साधारण १० सेंमीवरून अल्जिनेटचे थेंब सोडा. फार जवळून सोडले तर मण्याला शेपूट येते. १५ मिनिटांनी मणी बोटाने दाबून बघा, भिजलेल्या साबुदाण्यासारखा लवचिक लागला पाहिजे.

मणी धुऊन अर्धे पातळ व्हिनेगरमध्ये, अर्धे खायच्या सोड्याच्या पाण्यात टाका. व्हिनेगरमधले टिकतात, सोड्यातले फुगून मऊ पडतात. म्हणूनच पोटातल्या आम्लातून औषध आतड्यापर्यंत न्यायला अल्जिनेट उपयोगी. रंग मात्र दोन्हीकडे गळेल, कारण त्याचा रेणू जाळीच्या छिद्रांपेक्षा लहान. मोठं प्रथिन जास्त वेळ अडकून राहतं.