बर्गनला जाताय? मग या चुका टाळा

युरोपचा प्लॅन म्हटलं की आपल्याकडे आधी एक्सेल शीट उघडते, सकाळी ९ ला हे, ११ ला ते, आणि त्या शीटमध्ये नॉर्वेतल्या बर्गनला कशीबशी एक रात्र मिळते, आणि तिथेच सगळं गंडतं. कारण बर्गन म्हणजे पाऊस. वर्षाचा हिशोब केला तर साधारण मुंबईएवढाच पडतो, पण मुंबई तो चार महिन्यांत उरकते आणि इथे बारा महिने थोडा थोडा चालूच, वर्षातले दोनशेच्या वर दिवस. त्यामुळे "मंगळवारी सकाळी फ्लॉयन डोंगर" असं आधीच फिक्स केलंत आणि नेमके त्याच दिवशी ढग खाली उतरले तर ३२० मीटर वर जाऊन पांढरं धुकं बघायचं आणि परत यायचं, बास.

म्हणून निदान तीन रात्री द्या आणि दिवस अदलाबदल करता येतील असे ठेवा. 'यर' नावाचं तिकडचं हवामानाचं अ‍ॅप आहे, फुकट आहे, तासातासाचा अंदाज देतं, ते रोज रात्री बघायचं आणि मग ठरवायचं: उघडीप असेल तर डोंगर, नाहीतर कोडे म्युझियम (तिथे नॉर्वेचा प्रसिद्ध चित्रकार मुंक, त्याची भारी चित्रं आहेत, बऱ्याच जणांना पत्ताच नसतो). बंदरालगतच्या ब्रिग्गेन या जुन्या वस्तीतली लाकडी घरं तर पावसातही छान दिसतात, फक्त समोरून फोटो काढून पळू नका, मागच्या बोळांमध्ये शिरा, खरी मजा तिथे आहे. १७०२ च्या आगीनंतर जुन्याच पद्धतीने परत बांधलेली वस्ती आहे ती.

फ्लॉयनवर जाणाऱ्या ट्रेनला मोठी रांग दिसली तर समजा बंदरात क्रूझ आलीये. मग एकतर चालत चढा, पाऊण-एक तासाची चढण आहे, किंवा संध्याकाळी या, जूनमध्ये रात्री अकरापर्यंत उजेड असतो. उल्रिकेन हा दुसरा डोंगर दुप्पट उंच, ६४३ मीटर, पण वारा जोरात असला की तिथला रोपवे बंद ठेवतात, त्यामुळे निघायच्या आधी वेबसाइट बघा. आणि छत्रीच्या भरवशावर जाऊ नका, वाऱ्यात ती उलटी होते. टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट आणि तसेच बूट, यावर पैसे घाला.

दिवस मोकळे ठेवा म्हटलं ते ट्रेनला लागू नाही हं. ऑस्लो-बर्गन प्रवास जवळपास सात तासांचा, वाटेत १२२२ मीटरवरचं फिन्से स्टेशन लागतं, आणि स्वस्तातली तिकिटं लवकर संपतात, ती आधीच काढा. फ्योर्डचं (डोंगरांमध्ये आत घुसलेली समुद्राची खाडी) तयार पॅकेज घ्यायच्या आधी एक बघा, त्यातली ट्रेन, बोट, बस सगळं वेगवेगळंही बुक करता येतं: ऑस्लो-बर्गन मार्गावरच्या मिरडालहून फ्लोमला ट्रेन, फ्लोम ते गुडवांगेन बोट, पुढे बसने वॉस आणि वॉसहून ट्रेनने बर्गन. पण मधलं एखादं कनेक्शन चुकलं तर निस्तरायचं तुम्हालाच, त्यामुळे आई-बाबा बरोबर असतील तर मी तरी पॅकेजच घेईन. तिकिटं संपलीच असतील तर बर्गनहूनच मोस्ट्राउमेनची बोट निघते, तीन-साडेतीन तासांत फ्योर्ड बघून परत.

नॉर्दर्न लाइट्ससाठी बर्गनला जाऊ नका, प्लीज. ते बघायचे तर उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो, तेही हिवाळ्यात. उन्हाळ्यात रात्र पुरेशी काळोखी होतच नाही तर दिसणार काय.

व्हिसा शेंगेनच लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच, आणि ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त दिवस ज्या देशात, अर्ज त्याच देशाकडे करायचा. सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाहीत म्हणून रडण्यापेक्षा तेव्हाच करा. युरोची कॅश मात्र नेऊ नका, इथे नॉर्वेचे क्रोनर चालतात, आणि तेही कार्डानेच. मशीनने रुपयांत की क्रोनरमध्ये असं विचारलं तर क्रोनर, नाहीतर रेटमध्ये कापतात. एअरपोर्टवरून टॅक्सी करू नका, लाइट रेल थेट शहरात येते, पाऊण तासात, साध्या तिकिटात, ते स्किस या तिकिटांच्या अ‍ॅपवर काढा.

खाण्याचं बघा, मासळी बाजार फोटोला मस्त पण जेवायला खिसा कापणारा, आणि तिथे व्हेलचं मांसही विकतात, तेव्हा विचारून खा. रोजचं खाणं रेमा किंवा किवी सुपरमार्केटमधून आणा, पाणी नळाचंच प्या. घरून चिवडा, मेतकूट न्या, पण तूप, पेढे, खवा बॅगेत नको, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा, आणि बिअर हवी असेल तर शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत, त्यानंतर सुपरमार्केटवाले विकत नाहीत.