वापरकर्त्यांच्या एचटीएमएल फाइली साइटवर दाखवताय? या चुका टाळा

लोकांनी अपलोड केलेला फोटो ब्राउझर नुसता दाखवतो. एचटीएमएल फाइल मात्र तो चालवतो. ज्या पत्त्यावरून ती आली त्या पत्त्याचे सगळे हक्कही तिला मिळतात. लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने सर्व्हरला विनंत्या पाठवणं, त्याचे खासगी संदेश वाचणं, खात्याचा ईमेल बदलणं, सगळं. म्हणून फाइलीत काय आहे हे तपासत बसण्याआधी ती कुठून चालणार हे ठरवा. बहुतेक घोळ हा क्रम उलटा लावल्याने होतो.

स्क्रिप्ट टॅग उडवला की काम झालं असं समजणं

सगळ्यांत जुनी चूक, आणि अजूनही सर्रास दिसते. रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राने) स्क्रिप्ट टॅग शोधायचा, पुसायचा आणि निश्चिंत व्हायचं. पण कोड चालवायला तो टॅग लागतोच कुठे? इमेज टॅगला मुद्दाम चुकीचा पत्ता द्या आणि शेजारी ऑनएरर (चूक झाली की चालणारा कोड) लिहा. चित्र सापडलं नाही की कोड चालतो. एकदाच पुसणाऱ्या फिल्टरला चकवायला टॅगच्या नावाच्या मधोमध दुसरा पूर्ण टॅग घुसवतात. फिल्टर आतला काढतो आणि बाहेरचे दोन तुकडे जुळून नवाकोरा टॅग तयार होतो.

२००५ मध्ये मायस्पेसवर पसरलेला सॅमी वर्म (स्वतःच पसरत जाणारा कोड) याच वाटेने आला. साइट ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळत होती, म्हणून वर्मने तो शब्द मधेच तोडून दोन ओळींत लिहिला. काही ब्राउझरांनी तो जोडून वाचला आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त प्रोफाइल त्याच्या तावडीत सापडली.

लेखाचा मजकूर किंवा वस्तूचं वर्णन, असा छोटा तुकडा स्वतःच्या पानात दाखवायचा असेल, तर काय काढायचं याची यादी करू नका. काय ठेवायचं याची करा. तेही स्वतः न लिहिता तयार लायब्ररीवर सोपवा. जावास्क्रिप्टसाठी डोमप्युरिफाय, पीएचपीसाठी एचटीएमएल प्युरिफायर. पीएचपीतलं स्ट्रिप टॅग्ज हे फंक्शन या कामाचं नाही. तुम्ही ठेवलेल्या टॅगांवरचे ऑनक्लिक, ऑनमाउसओव्हर ते जसेच्या तसे राहू देतं. पायथॉनमध्ये अजून ब्लीच वापरत असाल तर बदला, २०२३ पासून ते डेप्रिकेटेड (वापर टाळा असं जाहीर झालेलं) आहे. आणि एकदा साफ केलेल्या मजकुरात नंतर शोधा-बदला चालवू नका. तिथेच केलेल्या कामावर पाणी फिरतं.

आलेख, खेळ किंवा रिपोर्ट असलेली अख्खी फाइल दाखवायची असेल, तर साफसफाईचा उपयोग नाही. स्क्रिप्ट काढल्या की फाइल मेली. तिला वेगळं ठेवणं हाच उपाय.

सबडोमेनवर टाकून सुटका झाली असं मानणं

डोमेन अ‍ॅट्रिब्यूट देऊन मुख्य डोमेनसाठी लावलेल्या कुकीज (लॉगिनची ओळख ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) सबडोमेनलाही जातात, आणि सबडोमेनवरचं पान मुख्य डोमेनच्या नावाने कुकी लावू शकतं. सेमसाइटचं (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी न पाठवण्याचं) संरक्षणही इथे कामाला येत नाही, कारण ब्राउझरच्या लेखी दोन्ही एकाच साइटची. गिटहबने २०१३ मध्ये लोकांची पानं गिटहब डॉट कॉमच्या सबडोमेनवरून काढून गिटहब डॉट आयओवर नेली ती याच कारणासाठी. गूगलही लोकांचा मजकूर गूगलयूजरकंटेंट या वेगळ्या डोमेनवरून देतं.

तेव्हा फाइलींसाठी नवं डोमेन घ्या. त्यावर लॉगिन नको, कुकी नको. शक्य असेल तर प्रत्येक वापरकर्त्याला त्यावर स्वतंत्र सबडोमेन द्या, म्हणजे एकाची फाइल दुसऱ्याच्या फाइलीत हात घालणार नाही.

सँडबॉक्स लावून पुन्हा उघडणं

आयफ्रेमला (पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीला) सँडबॉक्स (तिचे हक्क कापणारं अ‍ॅट्रिब्यूट) लावला, कोड चालावा म्हणून ‘अलाऊ-स्क्रिप्ट्स’ दिलं. मग कन्सोलमध्ये लोकलस्टोरेजची (ब्राउझरमधल्या साइटच्या साठ्याची) सिक्युरिटी एरर दिसते. कुणीतरी ‘अलाऊ-सेम-ओरिजिन’ जोडतं, एरर जाते, सगळे खूश. फाइल तुमच्याच डोमेनवर असेल तर आता सँडबॉक्स उरलाच नाही: आतली स्क्रिप्ट बाहेरच्या पानात जाऊन आपल्याच आयफ्रेमचं ते अ‍ॅट्रिब्यूट काढू शकते आणि स्वतःला पुन्हा लोड करू शकते. फाइल खरोखर वेगळ्या डोमेनवर असेल तरच ही जोडी द्या.

दुसरी पळवाट याहून सोपी आहे. आयफ्रेममधल्या फाइलीचा पत्ता कॉपी करून नव्या टॅबमध्ये उघडला, की आयफ्रेमचा सँडबॉक्स लागूच होत नाही. त्यामुळे फाइल देताना सर्व्हरनेच कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी हेडरमध्ये (फाइलीसोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचनेत) सँडबॉक्स आणि अलाऊ-स्क्रिप्ट्स पाठवायला हवं.

तपासताना अलर्टवर भरवसा ठेवू नका. अलाऊ-मोडल्स दिलेलं नसेल तर सँडबॉक्समध्ये अलर्टची खिडकी उघडतच नाही, पण कोड मजेत चालत असतो. चाचणीच्या फाइलीतून सेल्फ डॉट ओरिजिन (ब्राउझर पान कोणत्या पत्त्याचं मानतो ते) कन्सोलवर छापा, एकदा आयफ्रेममध्ये आणि एकदा थेट टॅबमध्ये. ‘नल’ (म्हणजे कुठल्याच साइटचं नाही) आलं तर ठीक. मुख्य साइटचा पत्ता आला तर लाँच थांबवा.

सँडबॉक्सनंतर काय मोडतं

फाँट लोड होत नाहीत, कारण नल ओरिजिनकडून आलेली विनंती कॉर्समध्ये (दुसऱ्या ओरिजिनला फाइल वापरू द्यायची का, या ब्राउझरच्या नियमात) अडते. फाइलींच्या डोमेनवरच्या फाँटसाठी ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन’मध्ये तारा (*) चालेल. मुख्य एपीआयवर मात्र ‘नल’ला कुकीसह परवानगी कधीच देऊ नका, जगातली कुठलीही सँडबॉक्स केलेली फ्रेम ‘नल’च असते. पोस्टमेसेजमध्येही (फ्रेम आणि पान यांच्यातल्या संदेशांमध्येही) ओरिजिन ‘नल’ येतो, म्हणून संदेशाचा सोर्स आपल्याच आयफ्रेमची विंडो आहे का ते जुळवून पाहा. पलीकडून आलेला मजकूर इनरएचटीएमएलमध्ये (मजकूर एचटीएमएल म्हणून पानात टाकणाऱ्या सोयीत) ओतू नका, हे वेगळं सांगायला नकोच.

एसव्हीजीला (टॅगांनी लिहिलेल्या चित्राच्या फाइलीला) नुसतं चित्र समजून सोडू नका, थेट उघडल्यास त्यातही स्क्रिप्ट चालते. सगळ्या अपलोडवर नोस्निफ हेडर (फाइलीचा प्रकार स्वतः ओळखू नको असं ब्राउझरला सांगणारं) लावा, नाहीतर साधा मजकूर म्हणून ठेवलेली फाइल एखादा जुना ब्राउझर एचटीएमएल समजून बसेल. दाखवायची गरजच नसेल तर कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये अटॅचमेंट देऊन फाइल थेट डाउनलोडला पाठवा.

एवढं करूनही बँकेसारखं दिसणारं खोटं लॉगिन पान कुणीतरी अपलोड करेलच. अलाऊ-फॉर्म्स न दिल्याने नेहमीचा फॉर्म अडतो, पण स्क्रिप्टला परवानगी असेल तर ती टाइप केलेलं परस्पर पाठवू शकते. म्हणून प्रत्येक फाइलीच्या चौकटीबाहेर, तुमच्या पानावर, तक्रारीचं बटण ठेवा. फाइल काढल्यावर सीडीएनची (फाइलींच्या प्रती ठेवून त्या लोकांना देणाऱ्या सर्व्हरांची) कॅशेही लगेच रिकामी करा. नाहीतर सर्व्हरवरून गेलेलं पान लोकांना दिसतच राहतं.