धंदा बसल्यानंतर: पुन्हा उभे राहण्याआधीची तयारी

गोव्यात धंदा बसला की तो गावापासून लपत नाही. म्हापशाच्या बाजारात एखाद्या दुकानाचे शटर आठवडाभर खाली राहिले की घरच्यांना रस्त्यात विचारणा होऊ लागते, आणि दोन सल्ले हमखास कानावर पडतात: "आता नोकरी बघ" किंवा "जिद्द सोडू नकोस". दोन्ही आपुलकीने दिलेले असतात, परंतु धंदा नेमका कशाने बसला हे तपासल्याशिवाय त्यांपैकी एकाचाही उपयोग होत नाही. ठेच लागली म्हणजे माणूस आपोआप शहाणा होतो, असे व्यवसायात घडत नाही. त्यासाठी हिशेब मांडावा लागतो, लोकांना विचारावे लागते आणि कारणे एकमेकांपासून सोडवून घ्यावी लागतात. खानावळ, दुकान, होमस्टे, वाहतूक किंवा काजू आणि खाद्यपदार्थांचा लहान उद्योग चालवताना नुकसान सोसलेल्या आणि पुन्हा उभे राहू पाहणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

आधी हिशेब, तोही महिन्यागणिक

सनदी लेखापालाने तयार केलेला वार्षिक ताळेबंद करभरणीसाठी पुरेसा असतो, मात्र अपयशाचे कारण त्यात सहसा दिसत नाही. गोव्यातील बहुतेक लहान धंद्यांचे खरे वर्ष ऑक्टोबरात सुरू होते आणि मेअखेरीस संपते. त्यानंतर किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामापुरती उभारलेली उपाहारगृहे, उतरवले जातात, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटक कमी होतात, आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, खरेदीने बाजार थोडा हलेपर्यंत गल्ल्यात फारसे काही पडत नाही. म्हणून बारा महिन्यांचे बारा वेगळे हिशेब मांडावेत.

समजा, पेडणे तालुक्यात किनाऱ्याजवळ एक खानावळ आहे. तिचे महिन्याचे भाडे 35,000 रुपये, तीन कामगारांचे पगार 54,000, वीज-पाणी 11,000 आणि बँकेचा हप्ता 20,000, असा एकूण 1,20,000 रुपयांचा ठरलेला खर्च आहे. विक्रीच्या प्रत्येक 100 रुपयांतले 45 रुपये मासळी, किराणा आणि गॅसवर जातात व 55 उरतात. हंगामाच्या सहा महिन्यांत दरमहा 3,20,000 रुपयांची विक्री झाली, तर 1,76,000 उरतात आणि ठरलेला खर्च वजा जाता 56,000 रुपये हाती राहतात. मालकाला वाटते की धंदा जोरात आहे. तो गाडी बदलतो, छपराला नवे पत्रे घालतो, आणि त्यात गैर काही आहे असे त्या वेळी कोणालाच वाटत नाही. पुढच्या सहा महिन्यांत मात्र विक्री 90,000 वर येते, उरतात 49,500, आणि दर महिन्याला 70,500 रुपये खिशातून घालावे लागतात. हंगामाची कमाई 3,36,000 आणि बिगरहंगामाची तूट 4,23,000, म्हणजे वर्षाअखेर 87,000 रुपयांचा खड्डा. ऑगस्टमध्ये भाडे थकते तेव्हा सगळे म्हणतात की पावसाने मारले. प्रत्यक्षात हे नुकसान डिसेंबर आणि जानेवारीतच ठरलेले होते, कारण त्या महिन्यांतले 56,000 रुपये नफा नसून पावसाळ्याची बेगमी होती.

याच खानावळीत दोन कामगार फक्त हंगामापुरते ठेवून 36,000 रुपये वाचवले आणि घरमालकाशी आधीच बोलून बिगरहंगामी भाडे 14,000 रुपयांनी उतरवून घेतले, तर त्या महिन्यांचा ठरलेला खर्च 70,000 वर येतो. मग महिन्याची तूट 20,500 उरते आणि वर्षाचा शेवट 2,13,000 रुपयांच्या शिलकीने होतो. पदार्थ, जागा आणि गिऱ्हाईक यांतले काहीही न बदलता हे घडते. अशा वेळी "मला हा धंदा जमत नाही" असे म्हणून तो सोडणे ही मोठी हानी ठरते, आणि हिशेब न मांडता तोच धंदा त्याच पद्धतीने पुन्हा सुरू करणे ही त्याहून मोठी.

वह्या अपुऱ्या असतील तर बँकेचे खातेउतारे, यूपीआयच्या नोंदी, वीजबिले आणि घाऊक व्यापाऱ्यांच्या पावत्या यांवरून बरेच चित्र उभे करता येते. या कामाला काही आठवडे लागले तरी ते पूर्ण करावे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय या आकड्यांवरच टेकणार आहे.

हाती काय होते आणि काय नव्हते

हिशेबानंतर एका कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात आपल्या हाती नसलेल्या घटना, दुसऱ्यात आपण घेतलेले निर्णय आणि तिसऱ्यात तो निर्णय घेताना आपल्याला काय माहीत होते, हे लिहावे. मला तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परिणाम वाईट आला म्हणजे निर्णय चुकीचाच होता असे नाही. उपलब्ध माहितीवर योग्य ठरणारा निर्णयही परिस्थिती उलटली की अंगाशी येतो. उलट, निष्काळजीपणे घेतलेला एखादा निर्णय चांगल्या हंगामामुळे तरून जातो आणि माणूस तोच पुन्हा घेतो.

गोव्यातील खाणपट्ट्याचे उदाहरण येथे समोर ठेवावे लागेल. सप्टेंबर 2012 मध्ये लोहखनिजाचे खाणकाम थांबले, काही वर्षांनी मर्यादेत सुरू झाले, आणि फेब्रुवारी 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 16 मार्च 2018 पासून पुन्हा ठप्प झाले. डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे तालुक्यांतले ट्रकमालक, बार्जमालक, गॅरेजवाले आणि रस्त्याकडेचे चहाभजीचे गाडेवाले एका दमात अडचणीत आले. खाणी बंद होणे त्यांच्या हाती नव्हते आणि त्याचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही ज्याला त्यातून काही घ्यायचे आहे, त्याने दुसरा रकाना प्रामाणिकपणे भरावा: सगळी मिळकत एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून होती का, पहिल्या ट्रकाचे कर्ज फिटण्याआधी दुसरा घेतला का, आणि पहिल्या बंदीनंतर मिळालेल्या उसंतीत कर्ज उतरवले की वाढवले? मार्च 2020 मध्ये टाळेबंदीने पर्यटनाचे कंबरडे मोडले, तेव्हाही हेच प्रश्न लागू होते.

दुसऱ्या रकान्यात "उधारी" हा शब्द वारंवार आला, तर वेगळा विचार हवा. हॉटेलांना भाजी, पाव, मसाले किंवा धुलाईची सेवा पुरवणारे कित्येक धंदे नफ्यात असूनही बिले अडकल्याने बसतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. त्यासाठी माल देण्यापूर्वीच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, झालेली असावी. हे संरक्षण उत्पादक आणि सेवा पुरवणारे यांच्यासाठी आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने त्यावर विसंबू नये. दावा सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर दाखल करता येतो. मोठे गिऱ्हाईक दुखावेल या भीतीने अनेकजण हा मार्ग घेत नाहीत आणि ती भीती मी समजू शकतो. परंतु निदान नव्या धंद्यात पहिल्या बिलापासूनच मुदत लिहून घ्यावी.

लोकांना विचारताना

"आमचे जेवण कसे होते?" या प्रश्नाला गोमंतकीय माणूस "बरे होते" असेच उत्तर देईल, कारण तोंडावर वाईट बोलणे त्याला जमत नाही. म्हणून मत विचारू नये, घडलेले विचारावे. पूर्वी नियमित येणाऱ्या गिऱ्हाइकाला "शेवटचे केव्हा आलात, आणि त्यानंतर दुपारचे जेवण कुठे घेता?" असे विचारले की दर, पार्किंग, वाट बघण्याचा वेळ, मासळीचा ताजेपणा यांतले खरे कारण बाहेर येते. मासळी, दूध आणि पाव पुरवणाऱ्यांना तर जरूर भेटावे. ते रोज अनेक धंद्यांची मागच्या दाराची बाजू पाहतात, आणि आपली मागणी कोणत्या महिन्यापासून घटली हे बऱ्याचदा आपल्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. सोडून गेलेल्या कामगाराचा पगार पूर्ण चुकता केल्यावरच त्याच्याशी बोलावे. त्याआधी खरे ऐकण्याची अपेक्षा धरू नये.

देणी आणि पत

दुसऱ्या धंद्याचे पहिले भांडवल म्हणजे माणसाची पत. माझ्या मते देण्यांची यादी करताना कामगार आणि लहान पुरवठादार वर असावेत. त्यांच्या रकमा लहान असतात, त्यांची गरज मोठी असते आणि गावात शब्द त्यांच्याच तोंडून पसरतो. एकरकमी देणे शक्य नसेल तर प्रत्येकाला स्वतः भेटून तारीखवार हप्ते लिहून द्यावेत. फोन न उचलणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे.

बँकेकडे जाण्यास मात्र मुळीच उशीर करू नये. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते आणि बँकेच्या हातातली लवचीकता कमी होते. त्याआधी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये घालून दिलेल्या चौकटीचा आधार घेता येतो. 25 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जमर्यादेला ती लागू आहे, आणि धंदा अडचणीत येत असल्याचे दिसताच कर्जदार स्वतःहून बँकेकडे लेखी अर्ज करू शकतो. अर्जासोबत वर सांगितलेला महिन्यागणिक हिशेब जोडला, तर शाखा व्यवस्थापकाशी होणारे बोलणे विनवणीचे न राहता व्यवहाराचे होते. तडजोडीने कमी रकमेत कर्ज मिटवल्यास पतअहवालात तशी नोंद राहते आणि पुढचे कर्ज अवघड होते, हे ध्यानात घेऊनच सही करावी. बँकेचा हप्ता भरण्यासाठी सावकाराकडून उचल करणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

गोव्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. येथील नागरी कायद्यानुसार विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते, आणि घर किंवा जमीन गहाण ठेवताना दोघांच्याही सह्या लागतात. म्हणजे धंद्याच्या जोखमीत जोडीदार कायद्यानेच सहभागी असतो. सहीपुरते बोलावून आकडे लपवणे हे घरात अविश्वासाचे बीज पेरणे आहे. तीन रकान्यांचा कागद जोडीदाराने सर्वांत आधी वाचावा, असा माझा आग्रह राहील.

बंद केलेल्या धंद्याची कागदोपत्री आवराआवरही रीतसर करावी. जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र भरावे लागते. नोंदणी तशीच सोडून दिली तर विक्री शून्य असली तरी विवरणपत्रे चुकतात आणि विलंबशुल्क साचत जाते. पंचायत किंवा पालिकेचा परवाना, अन्नपरवाना आणि वीजजोडणी यांचेही तसेच. तोट्याच्या वर्षाचे आयकर विवरणपत्र मुदतीत भरणे तर थेट फायद्याचे असते, कारण मुदतीत भरलेला व्यावसायिक तोटा पुढील 8 वर्षांपर्यंत व्यवसायातील नफ्यातून वजा करता येतो, मग तो नवा व्यवसाय वेगळा का असेना. "कमाईच नाही, तर विवरणपत्र कशाला?" या विचाराने हा हक्क कितीतरी जण गमावतात.

चिकाटी कशाची धरावी

चोर्ला घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे ते कडबा कापण्याच्या यंत्रांकडे आणि लोखंडी नांगरांकडे वळले. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्याने नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. नंतर बेळगावची जागाही सोडावी लागली आणि 1910 मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. या प्रवासात माल बदलला, जागा बदलली, भांडवल देणारेही बदलले. शेतकऱ्याच्या उपयोगाचे यंत्र येथेच बनवायचे, हे मात्र बदलले नाही. चिकाटी धरणाऱ्याने आपल्या धंद्यातील असा न बदलणारा भाग कोणता, हे एका वाक्यात लिहून ठेवावे आणि बाकी सर्व काही बदलण्यास मोकळे ठेवावे. जागेचा, नावाचा किंवा जुन्या पाटीचा हट्ट धरून बसणाऱ्यांचे पैसे आणि उमेद दोन्ही संपतात, हे पाहताना वाईट वाटते.

नवी सुरुवात गाळा भाड्याने घेऊन करू नये. आमसुले, लोणची, खाजे, नाचणीचे पदार्थ किंवा हस्तकला असेल तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, चवथीपूर्वीचा माटोळीचा (गणपतीच्या मूर्तीवर बांधायच्या फळाफुलांचा) बाजार आणि जत्रांतील फेरी यांतून थोडक्या पैशांत मागणी कळते. जेवणाचा धंदा असेल तर घरून डबे देऊन पाहावे; होमस्टे असेल तर एकच खोली द्यावी. या चाचणीत रोजची विक्री, परत आलेले गिऱ्हाईक आणि उरलेला माल, एवढ्या तीनच नोंदी ठेवाव्यात, पण एकही दिवस न चुकवता. मागणी सिद्ध झाल्यावर मुख्यमंत्री रोजगार योजनेखाली कर्जासाठी पणजीच्या ईडीसी या सरकारी वित्तमहामंडळाकडे अर्जाची चौकशी करता येईल. तेथे आधीच्या थकबाकीविषयी विचारणा झाल्यास हप्त्यांच्या पावत्या आणि हिशेबाचे कागद दाखवावेत.

चाचणी सुरू करण्यापूर्वीच दोन मर्यादा ठरवाव्यात: यात जास्तीत जास्त किती पैसे घालायचे आणि कोणत्या तारखेला निर्णय घ्यायचा. गोव्यात ही तारीख मेअखेरची ठेवणे सोयीचे, कारण तोवर पूर्ण हंगाम डोळ्यांसमोर असतो आणि पावसाळ्याचा खर्च अजून सुरू झालेला नसतो. त्या दिवशी जोडीदार आणि धंद्याशी संबंध नसलेला एक जाणता माणूस यांच्यासमवेत बसून नोंदी वाचाव्यात. हंगामातली शिल्लक पुढच्या चार महिन्यांच्या ठरलेल्या खर्चाला पुरत असेल तर ती रक्कम लगेच वेगळ्या खात्यात ठेवून धंदा चालू ठेवावा. पुरत नसेल तर जून उजाडण्याआधी भाड्याची जागा असल्यास ती सोडावी, कामगारांना तसे वेळेत कळवावे आणि पावसाळ्याचे महिने नव्या चाचणीच्या आखणीसाठी वापरावेत.