परदेशातील युद्धसमाधीला भेट देताना
पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातून लढताना परमुलखात कामी आलेल्या सैनिकाच्या समाधीला भेट देणार असाल, तर १९१७ साली स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधून विभाग, रांग आणि समाधीक्रमांक आधीच टिपून घ्यावा. एकसारख्या शिळांच्या रांगांमध्ये ऐनवेळी शोध घेणे जिकिरीचे ठरते. स्वतंत्र समाधी नसल्यास स्मारकभिंतीवरील फलकाचा तपशील मिळतो. शिळेवर शेवाळ दिसले, तरी आपण होऊन घासू नये, कारण तारेच्या ब्रशाने चुनखडीचा दगड झिजतो आणि रेजिमेंटच्या चिन्हाची कोरीव कड बोथट होते. व्यवस्थापनाने परवानगी दिलीच, तर साधे पाणी व मऊ ब्रश पुरे. साबणाचा मोहही आवरावा.