तात्पुरत्या नंबरवर ओटीपी घेताय? या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या मोबाइलच्या दुकानात हल्ली स्क्रीन फुटलेले येतात तसे अकाउंट घालवून बसलेलेही येतात. स्वतःचा नंबर द्यायचा नाही म्हणून नेटवरून तात्पुरता नंबर उचललेला असतो, ज्याचे मेसेज त्या साइटवरच दिसतात. नंबर लपवण्यात गैर काही नाही. एका कूपनसाठी नंबर दिला की कर्जवाल्यांचे फोन सुरू होतात. पण असला नंबर कुठं चालतो आणि कुठं नाही, एवढं तरी बघा की!

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे धंद्याचं व्हॉट्सअ‍ॅप असल्या नंबरवर उघडणं. महाद्वार रोडला चपला विकणाऱ्या एका पोरानं हेच केलं. एका साइटवरून महिन्याच्या भाड्यानं +४४ चा नंबर घेतला आणि तोच बॉक्सवर छापला. गिऱ्हाइकं विचारायची, लंडनला शाखा काढली काय? पुढं त्यानं भाडं भरलं नाही, तरी व्हॉट्सअ‍ॅप चालूच, कारण कोड लागतो तो नोंदणीच्या वेळी. गडी निवांत. दिवाळीला नवा हँडसेट घेतला, जुना फॉरमॅट मारून विकला आणि नव्यावर कोड मागितला. नंबर एव्हाना दुसऱ्याच कुणाकडं. चालू ऑर्डरी, जुनी गिऱ्हाइकं, सगळं गेलं. "दादा, कायतरी करा की." काय करणार? बॉक्सवर चिकटवायला स्टिकर कुठं छापून मिळतील, तेवढं सांगितलं.

फुकटच्या साइटवर तर इनबॉक्स सगळ्यांना उघडा असतो. तुमचा कोड जगाला दिसतो, उद्या पासवर्ड रीसेटचाही दिसेल. शिवाय तो नंबर आधी कितीतरी जणांनी वापरलेला असतो, म्हणून 'हा नंबर वापरता येणार नाही' असं येतं. त्यात तुमच्या फोनचा दोष नाही, त्यामुळं उगाच ॲप काढून परत टाकू नका.

आणि ते रिसेंड! दहा सेकंद दम निघत नाही. नवा कोड मागितला की बहुतेक ठिकाणी जुना रद्द होतो. मग उशिरा आलेला पहिला कोड टाकायचा, चुकला म्हणून परत मागायचा, शेवटी ॲपच म्हणतं, आता काही तास थांबा. मी एकदाच मागतो आणि चहा सांगतो. चहा संपेपर्यंत आला नाही तर तो नंबर सोडून देतो.

यूपीआयला हा उद्योग करूच नका. तिथं मेसेज तुमच्या फोनमधल्या सिमवरून जावा लागतो.

नंबर टाकताना यादीत देश निवडला की नंबरापुढं परत देशाचा कोड, म्हणजे आपला ९१, लावू नका.

टेलिग्रामवर कुणी 'इंडियन नंबर' विकत असेल तर नादाला लागू नका. ते सिम कुणाच्या कागदपत्रांवर निघालंय, देव जाणे.

असल्या ओटीपींसाठी मी स्वतः जुन्या कीपॅड फोनात माझ्याच नावाचं दुसरं सिम ठेवलंय. अधूनमधून रिचार्ज मारतो आणि एखादा फोन लावतो, कारण ९० दिवस वापर नसला तर नंबर बंद होऊ शकतो. आपल्याकडं एका नावावर ९ सिम चालतात. तुमच्या नावावर किती आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं.

आधीच तात्पुरत्या नंबरवर अकाउंट उघडलं असेल आणि ते अजून फोनात चालू असेल, तर आजच सेटिंगमधून नंबर बदलून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कोड नव्या नंबरवर येतो, जुना नंबर हातात असावा लागत नाही. मग टू-स्टेप पिन, म्हणजे कोडशिवाय वेगळा विचारला जाणारा तुमचा स्वतःचा पिन, लावा. तोवर फोन फॉरमॅट करायला आणू नका, मी करून देणार नाही.